जुळे सोलापूरच्या नकाशात इडलीचा गाडा कुठं आहे?

सोलापूरच्या जुळे सोलापूर या नव्या उपनगरात आमच्या कोपऱ्यावर सकाळी इडली-वडा लावणाऱ्या अक्कांचा गाडा गेल्या आठवड्यात उचलून नेला. शेगडी, इडलीपात्र, चटणीचा डबा, सगळं त्याबरोबर गेलं. मित्रानं फोन करून सांगितलं तेव्हा मी इथं सिंगापुरात कामावर निघालो होतो, आणि दिवसभर डोक्यातून ते जाईना. रस्ता मोकळा हवा हे मलाही कळतं. त्या कोपऱ्यावर शाळेच्या रिक्षा, दूधवाले आणि इडलीसाठी आडव्या लावलेल्या मोटारसायकली यांची रोज कोंडी होते. पण अक्का तिथं उभ्या राहतात, कारण उभं राहायला दुसरी जागा त्यांना कुणी दिलेलीच नाही. 1992 साली शहराची हद्दवाढ झाली, मग प्लॉट पडले, सोसायट्या उठल्या, देवळं झाली, मंगल कार्यालयं झाली. सकाळी सहाला प्लेटभर इडली कुठं मिळायची, हे मात्र कुणाच्या कागदावर नव्हतं.

मी राहतो ते पुंगोल हेही असंच नवं उपनगर, सिंगापूरच्या ईशान्य टोकाला. पूर्वी इथं डुकरं-कोंबड्या पाळणाऱ्यांची खेडी होती, शेवटाला समुद्र आणि मासे खाऊ घालणारी हॉटेलं. 1996 मध्ये सरकारनं इथं नवं गाव वसवायची योजना जाहीर केली. पुढच्याच वर्षी आशियातलं आर्थिक संकट आलं आणि काम रखडलं. 2003 मध्ये मेट्रो आली, 2007 मध्ये योजनेला पुन्हा हात घातला, 2011 मध्ये गावातून 4.2 किलोमीटरचा पाण्याचा पाट काढला. आज त्या पाटाच्या दोन्ही काठांनी उंच इमारती आहेत आणि संध्याकाळी पळणाऱ्यांची गर्दी असते.

इथं आल्यावर खायचं कुठं, हे मला ओळखीचे सगळे विचारतात. मेट्रोला लागून मोठा मॉल आहे, तिथं सगळं मिळतं. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. मी पाहुण्यांना हॉकर सेंटरला, म्हणजे फेरीवाल्यांसाठी बांधलेल्या खाण्याच्या जागेला, नेतो. 'वन पुंगोल' नावाच्या सरकारी इमारतीत ते आहे. त्याच इमारतीत मोठं वाचनालय आहे, लहान मुलांचं पाळणाघर आहे, गावाचं समाजमंदिर म्हणता येईल असं केंद्र आहे. म्हणजे पुस्तक बदलायला आलेला म्हातारा, मुलाला सोडायला आलेली आई आणि रात्रपाळीहून परतणारा कामगार एकाच छताखाली जेवतात. वर छत, मोठे पंखे, जमिनीला पक्की बसवलेली टेबलं. प्रत्येक स्टॉलला नळ, सांडपाण्याची वाट, धूर ओढून घेणारी चिमणी, वीज आणि क्रमांक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाण्याआधी बराच वेळ त्या नळांकडे आणि जाळी बसवलेल्या गटारांकडे बघत होतो. ज्यानं सोलापुरात पार्क चौपाटीवर किंवा सात रस्त्याला बादलीत प्लेटा विसळताना बघितल्या आहेत, त्याला या नळाचं मोल सांगावं लागत नाही. बादलीत प्लेट बुडवणाऱ्या माणसाला स्वच्छता कळत नाही असं नाही. त्याच्या हाताशी वाहतं पाणी नसतं, एवढंच.

सकाळी मी शाकाहारी चिनी स्टॉलवर जातो. तांदळाच्या बारीक शेवया, वर कोबी, तळलेला सोयाचा पापुद्रा आणि लाल मिरचीची पातळ चटणी. सोलापुरी जिभेला ती चटणी कमी पडते, म्हणून मी घरून शेंगाचटणीची छोटी डबी नेतो, आणि त्या स्टॉलवरच्या मावशींनी एकदा ती चाखून माझ्याकडून पुढच्या वेळी वाटीभर मागून घेतली. यंत्रावर कुटलेली नाही, उखळात कुटून तेल सुटलेली, तीच मी त्यांना दिली. तमिळ स्टॉलवर दोसा मिळतो, पराठ्यासारखा पदर सुटलेला 'प्राटा' मिळतो. शाकाहारी असाल तर डाळ सांगून घ्या, नाहीतर माशाचं कालवण वाढतील. कॉफी कापडाच्या लांब गाळणीतून ओततात. दाट गोड दुधाची हवी तर 'कोपी', दूध नको तर 'कोपी-ओ', साखरही नको तर मागे 'कोसोंग' जोडायचं. दीड डॉलरच्या आसपास पडते, म्हणजे आपल्या शंभर रुपयांच्या घरात. संध्याकाळी समुद्र बघत बसायचं असेल तर पुंगोल पॉइंटच्या जेट्टीकडं जा. समोर खाडीपलीकडं मलेशियाचे कारखाने दिसतात, बाजूला कोनी बेट. तिथं बिअरही मिळते. फक्त रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी दारू प्यायला 2015 पासून कायद्यानं बंदी आहे, आणि हा कायदा लोक पाळतात.

मला जे सोलापूरकरांना सांगायचं आहे ते मात्र या स्टॉलांच्या आधीचं आहे. ही सगळी माणसं, म्हणजे यांचे आई-वडील, आजे, रस्त्यावर गाडेच लावत होते. 1960 च्या दशकाअखेर इथल्या सरकारनं फेरीवाल्यांची देशभर नोंदणी केली. हजारोंच्या संख्येनं माणसं निघाली. त्या काळी रस्त्यावरच्या अन्नातून कॉलरा-टायफॉइड पसरायचा, गाड्यांची घाण सिंगापूर नदीत जायची. आपल्याकडं जी कारणं देऊन गाडे उचलतात, तीच ही कारणं. पण इथं 1971 पासून 1986 पर्यंत एकेक करून त्यांना नळ-गटार असलेल्या बांधीव जागांमध्ये नेलं. आधी नोंद, मग छत, मग रस्ता मोकळा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत आणि 2020 च्या डिसेंबरात युनेस्कोनं इथल्या या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. रस्त्यावर वडे तळणाऱ्यांच्या नातवंडांना जगानं मान दिला, हे वाचून मला आपल्या पूर्व भागातल्या विणकर वस्त्या आठवल्या. यंत्रमाग बंद पडल्यावर किती घरं इडली-दोशाच्या एका गाड्यावर उभी राहिली, ते सोलापूरकरांनी जवळून पाहिलं आहे.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुझं बरं हाय बे, तिकडं बसून बोलायला. तिथं पैसा हाय." पैसा आहे, खरं आहे. पण 1971 साली सिंगापूर आजच्यासारखं श्रीमंत नव्हतं. आणि इथंही सगळं वेळेवर झालं असं कुणी समजू नये. 1986 नंतर पंचवीस वर्षं एकही नवं हॉकर सेंटर उभारायचं यांनी ठरवलं नाही. 2011 मध्ये पुन्हा सुरुवात केली. पुंगोलला लोक राहायला येऊन वीसेक वर्षं झाली तेव्हा 2022 मध्ये हे केंद्र उघडलं. तोवर इमारतींखालच्या कॉफी शॉपवरच भागवावं लागायचं. भाड्याचंही तसंच. जुन्या स्टॉलवाल्यांना सवलतीचं भाडं आहे, नव्यांना लिलावात बोली लावावी लागते, आणि 2024 मध्ये एका स्टॉलसाठी महिन्याला दहा हजार डॉलरच्या वर बोली गेली. स्टॉल चालवायला इथलं नागरिकत्व किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो. आपल्या अक्का उद्या इथं आल्या तर त्यांना स्टॉल मिळणार नाही. तेव्हा मी काही स्वर्गातून पत्र लिहीत नाही.

गेल्या वर्षी आई आली होती. इथं जेवण झाल्यावर आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा असतो. 1 सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये ते सक्तीचं आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड. हलाल ट्रेची मांडणी वेगळी, इतरांची वेगळी, म्हणजे कुणाच्या अन्नाचा विटाळ कुणाला नको. आईला ट्रे उचलण्याचं काहीच वाटलं नाही, ती उठलीच होती. तिला धक्का बसला तो टेबल पुसायला आलेल्या आजींना बघून. पंच्याहत्तरीच्या असतील, पाठ वाकलेली. आईनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि टेबल स्वतः पुसलं. आजी नको-नको म्हणत होत्या, कोणत्या भाषेत ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. घरी येताना आई म्हणाली, "यांची मुलं कुठं आहेत रे?" मी तिला इथल्या पेन्शनचं, निवृत्तीचं, काही माणसं आपखुशीनं काम करतात याचं सांगितलं. ते सगळं खरंच आहे. तरी त्या दिवशी तिच्या प्रश्नापुढं मी इथली बाजू घेत होतो, हे मला आवडलं नाही.

आणि पाणी. याबद्दल मला राग आहे आणि तो जात नाही. हॉकर सेंटरमध्ये तुम्हाला कुणी पाणी देत नाही. पाणी हवं तर विकत घ्यायचं, बाटली किंवा ग्लास. ज्या देशात नळाचं पाणी चोवीस तास येतं, थेट पिता येतं, ज्यांनी सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची विद्या जगाला दाखवली, तिथं दोसा खाऊन ठसका लागला तर आधी पाकीट काढायचं. आपल्याकडं काय आहे? उजनीतून शंभरेक किलोमीटरवरून पाणी येतं, तेही चार-पाच दिवसांआड. गल्लीत नळ आला की बायका कामावरून सुट्टी घेऊन पिंपं भरतात. अशा सोलापुरात कुठल्याही टपरीवर बसा, 'काय घेणार' विचारायच्या आधी पाण्याचा ग्लास समोर येतो. अक्कांच्या गाड्यावर सुद्धा स्टीलची कळशी असते, वर झाकण, झाकणावर पेला. ते पाणी त्यांनी घरून डोक्यावरून आणलेलं असतं. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. पोटभर खाऊन पाणी न विचारणारं शहर मला अजून आपलं वाटत नाही, आणि इथल्या मित्रांशी यावरून माझे वाद झाले आहेत. ते म्हणतात, फुकट दिलं तर कुणीतरी त्याचा खर्च भरतोच. सोलापुरात तो खर्च अक्का भरतात, हे मला माहीत आहे. तरी मला त्यांची कळशी बरोबर वाटते.

आता गाड्याचं. आपल्याला हे जमणार नाही असं जो म्हणतो, त्याला मी सोलापूरच्या गड्डा यात्रेत न्यायला तयार आहे. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात आणि होम मैदानावर एक अख्खं गाव उभं राहतं. खाण्याचे स्टॉल, पाळणे, भांडी, खेळणी. कुणी कुठं बसायचं ते आखलेलं असतं, दिवे लागतात, पाण्याची सोय होते, गर्दीतून वाट ठेवली जाते. लाखो माणसं खाऊन-पिऊन घरी जातात. हे आपण पिढ्यान् पिढ्या करतो आहोत. जे शहर यात्रेसाठी मैदान आखतं, त्याला जुळे सोलापुरात वीस गाड्यांची एक जागा आखणं अवघड नाही.

कायदाही आहे. फेरीवाल्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा केंद्राचा कायदा 2014 मध्ये झाला. शहरात फेरीवाला समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांतूनच निवडलेले हवेत, सर्वेक्षण हवं, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत गाडेवाल्याला हुसकता येत नाही. मित्राला मी हे पाठवलं आहे. अक्कांचं नाव सर्वेक्षणात आहे का, प्रमाणपत्र आहे का, हे तो बघणार आहे. माझी विनंती आहे की हे वाचणाऱ्या प्रत्येकानं आपापल्या कोपऱ्यावरच्या गाडेवाल्याला तेवढं विचारावं. त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि नवी वस्ती फक्त जुळे सोलापुरातच होते आहे असं नाही. होटगी रोडला, विजापूर रोडला इमारती वाढतात. कुंभारीला रे नगरमध्ये 19 जानेवारी 2024 रोजी एका दिवशी 15,000 घरं विडी कामगार, यंत्रमाग कामगारांना मिळाली. एवढ्या घरांतून सकाळी पहिल्या पाळीला निघणारी बाई चहा कुठं घेईल? तिच्याच शेजारणीला दोन पैसे मिळवायला वड्याची कढई लावायची असेल तर ती कुठं लावेल? घरं अजून नवी आहेत, रस्ते अजून रुंद आहेत, तोवर हे विचारायला हवं. लेआउट मंजूर होताना सार्वजनिक सोयीसाठी जागा सोडावी लागते. तिथं बाग करा, वाचनालय करा, आणि एका कडेला पत्र्याची शेड, दोन नळ, एक गटार, एक स्वच्छतागृह आणि क्रमांक टाकलेले ओटे करा. पहिली दोन वर्षं भाडं नाममात्र ठेवा, म्हणजे गाडेवाले आपण होऊन रस्ता सोडून आत येतील. आणि शेडच्या दाराशी एक पिण्याच्या पाण्याची टाकी ठेवा, तिला नळ चार दिवसांआड आला तरी चालेल, एवढी मोठी.