संवादकौशल्य : पाचपैकी दोन

चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा मनुष्यबळ विभाग मी सांभाळतो. यंदा प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग काढणाऱ्या विभागाच्या, सुपरवायझरची निवड आम्ही प्रथमच सेवाज्येष्ठता बाजूला ठेवून क्षमताधिष्ठित पद्धतीने केली. नेमणूकपत्र देऊन झाले. तरीही त्या मुलाखतींतील एक नोंद माझ्या मनातून जात नाही.

लाइनजवळच्या फलकावर स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो: प्रत्येक नावापुढे वर्तुळ, आणि कौशल्याप्रमाणे त्याचा पाव, अर्धा, पाऊण किंवा पूर्ण भाग भरलेला. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये कर्मचाऱ्यांच्या क्षमतेविषयीच्या कलम ७.२ साठी तोच पुढे केला जातो. पण डाय (साचा) कोणाला बसवता येते एवढेच त्यातून कळते. दारात गाडी उभी असताना मशीन थांबवण्याची हिंमत कोणात आहे, ते कळत नाही. त्यासाठी घटनाधारित मुलाखत घ्यावी लागते. बुद्धिमापन चाचण्यांपेक्षा प्रत्यक्ष कामातील क्षमता तपासा, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये मांडले, त्याच विचारातून ही पद्धत वाढली. उमेदवाराचे मत विचारायचे नाही; घडलेला एक प्रसंग घ्यायचा आणि त्यात त्याने स्वतः काय पाहिले, काय ठरवले, कोणाला काय सांगितले, हे खोदून विचारत राहायचे. मुलाखत घेणाऱ्याचा खरा कस येथे लागतो, कारण शॉपमधली माणसे सगळे श्रेय पाळीला देऊन मोकळी होतात.

आयटीआय झालेल्या एका अनुभवी सेटरने (प्रेसवर डाय बसवून जुळवणाऱ्या कामगाराने) रात्रपाळीतला प्रसंग सांगितला. ब्रॅकेटच्या कडेवर बोटाला बर (पत्रा कापताना राहिलेली खरखरीत कड) जाणवू लागला होता आणि डिस्पॅचचा माणूस मालासाठी डोक्यावर उभा होता. त्याने प्रेस थांबवला, शेवटच्या तपासलेल्या नगानंतरचा सगळा माल लाल बिनमध्ये वेगळा काढला, टूलरूममधून पंच (डायमधला पत्रा कापणारा भाग) ग्राइंड करून आणला आणि पहिला नग मंजूर झाल्यावरच काम पुन्हा सुरू केले. पाळी बदलताना त्याने एक चांगला व एक बर आलेला नग तारेने बांधून मशीनला लटकवला. येणाऱ्या सेटरला नुसते बोट फिरवून फरक कळावा म्हणून.

या माणसाला संवादकौशल्यात पाचपैकी दोन गुण मिळाले. आमचा क्षमताकोश, म्हणजे पदासाठी तपासायच्या क्षमतांची यादी, सल्लागार संस्थेकडून आलेला, आणि कार्यालयीन कामासाठीच लिहिलेला होता. संवादाचा निदर्शक, म्हणजे ज्या वर्तनावरून गुण द्यायचे ते वाक्य, होता, 'स्लाइड्सच्या आधारे आपले म्हणणे प्रभावीपणे मांडतो.' सादरीकरणात तो अडखळला. प्रेस शॉपच्या सुपरवायझरवर स्लाइड दाखवण्याची वेळ क्वचित येते. पाळी मात्र रोज बदलते. दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलण्याची खोड अनेक कंपन्यांना आहे, आणि खापर शेवटी पद्धतीवर फुटते.

मी हे निवड समितीत मांडले. प्लँट हेड म्हणाले, "निकष सगळ्यांना आधी सांगितलेत. एकाचं ऐकून मधेच बदलले, तर बाकीच्यांना काय उत्तर देणार?" त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. निवड दुसऱ्याची झाली, आणि तोही लायक आहे.

आता शॉपमधल्या उत्तम सुपरवायझरांकडून व सेटरांकडून प्रसंग गोळा करून आम्ही निदर्शक नव्याने लिहीत आहोत. संवादाखाली पाळी सोपवण्याचा जो निदर्शक आला आहे, तो त्या तारेतल्या दोन नगांवरूनच घेतलेला आहे.

आमच्या नियमाप्रमाणे प्रत्येक उमेदवाराला त्याचे गुण पुराव्यासह समजावून द्यावे लागतात. संवादात मी नेमका कुठे कमी पडलो, असे सेटरने लेखी विचारले आहे. सादरीकरणाची नोंद दाखवली तर नियमाची पूर्तता होईल. नवा निदर्शक त्याच्याच कामावरून घेतला आहे हेही सांगावे, असे माझे मत आहे. त्यातून निवडीलाच आव्हान दिले जाईल, असे प्लँट हेडना वाटते. उत्तराचा मसुदा अजून माझ्याकडेच आहे.