कापसासाठी लागलेला दिवा

देवगड म्हटलं की बेळगावात आधी हापूस आठवतो. हा देवगड वेगळा. कारवार बंदरासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आहे, इंग्रजांनी त्याला 'ऑयस्टर रॉक्स' म्हटलं. त्यातलं सर्वांत मोठं बेट देवगड. त्याच्या माथ्यावर 1864 पासून दीपगृह आहे.

त्याचं कारण मात्र समुद्रात नाही, आपल्या घाटमाथ्यावर सापडतं. धारवाडकडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून किनाऱ्यावरच्या कुमठा बंदरात जायचा. इतका, की तिकडच्या गावठी कापसाला बाजारात 'कुमठा' हेच नाव पडलं. पण कुमठ्याला जहाजांना आडोसा नव्हता, कारवारच्या खाडीत होता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि धारवाडच्या मालाला एकदम भाव आला. 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. दोन वर्षांत दिवा लागला.

दिव्याची उंची समुद्रापासून सुमारे 210 फूट, म्हणजे 64 मीटर. तो किती लांबून दिसेल हे कागदावर काढता येतं. दिव्याच्या उंचीचं वर्गमूळ 8. जहाजाच्या डेकवर डोळा 4 मीटरवर धरला, तर त्याचं 2. बेरीज 10, गुणिले 2.08. साधारण 21 सागरी मैल, म्हणजे 38 किलोमीटरच्या आसपास. यापुढे दिवा कितीही प्रखर केला तरी पृथ्वीची गोलाई आड येते. म्हणूनच दीपगृह कड्यावर बांधतात: अर्धी उंची डोंगरच देतो, बांधकाम वाचतं.

त्या काळच्या मोठ्या दीपगृहांत एकात एक गोल वातींचा तेलाचा दिवा असे. वात वाकडी कापली गेली की ज्योत एका बाजूला चढते, चिमणी काजळते आणि उजेड घटतो. पुढे गॅसबत्तीचं तंत्र आलं: दाबाखालचं रॉकेल तापून वाफ होते आणि ती मेंटलवर, म्हणजे झगझगणाऱ्या नाजूक जाळीवर, जळते. तिथंही दुखणं घरच्या स्टोव्हचंच, नळीत काजळी धरते आणि पिन मारावी लागते. जळलेला मेंटल बोट लागलं तरी राख.

काचांवर खारं पाणी वाळून मीठ बसतं. ते कोरड्या फडक्यानं पुसलं तर कण घासून ओरखडे पडतात, आधी गोड्या पाण्यानं धुवावं लागतं. बेटावर गोडं पाणी जपून वापरायचं, हे वेगळं सांगायला नको! दिवसा भिंगाभोवती पडदे ओढून ठेवतात. नाहीतर तेच भिंग सूर्याचं ऊन आत एका जागी गोळा करतं आणि दिव्याचे भाग तापून खराब होतात. पावसाळ्यात होडी लागणं कठीण, त्यामुळे तेल, धान्य, सुटे भाग सगळं आधीच चढवून ठेवायचं.

ज्या कापसासाठी हे सगळं झालं, तो मात्र कारवारला फार काळ आला नाही. 1880 च्या दशकात लोंढा, कॅसलरॉकवरून गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली. गाडीत भरलेला गठ्ठा थेट धक्क्यावर जायला लागल्यावर बैलगाडीनं घाट कोण उतरणार? कारवारचा व्यापार ओसरला. खडक मात्र होते तिथेच होते, आणि फेब्रुवारी ते एप्रिल जोराचा वायव्येचा वारा सुटला की गलबतं याच बेटांच्या आडोशाला येत. दिवा चालू राहिला.