नरनाळ्यावर पाणी पाहायला

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे डोंगरावरच्या नरनाळा किल्ल्यात वीसेक तलाव आणि टाकी आहेत हे ऐकलं, तेव्हापासून तो डोक्यात होता. या जानेवारीत अकोटकडच्या निसर्गप्रेमी मंडळींची पायी फेरी निघाली आणि मी लगेच नाव दिलं.

अकोल्याहून अकोट ४५ किलोमीटर. तिथून पोपटखेडमार्गे पायथ्याचं शहानूर आणखी वीसेक. हे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पातलं, म्हणून परवानगी मंडळींनी आधीच काढून ठेवली होती. तुम्ही आपले आपण जाणार असाल तर वनविभागाकडे अगोदर विचारा, नियम आणि वेळा बदलत असतात. ओळखपत्र जवळ ठेवा आणि गाइड घ्याच.

आमचे गाइड काका कोरकू आदिवासी. वाघाचं नाव घेताना ते 'कुलामामा' म्हणतात. फाटकापासून थोडं आत गेल्यावर ते थांबले, "इथून पुढं बोलणं बंद जी." तिथपर्यंत आमच्या गप्पा चालू होत्या. त्या थांबल्या आणि सागाच्या वाळल्या पानांवरची आमचीच पावलं केवढी वाजतात ते कळलं. कढई नावाच्या झाडाच्या पांढऱ्या खोडावर खाली काळपट ओरखडे होते, अस्वलाचे. वाटेवर बिबट्याची सुकलेली विष्ठा होती. काकांनी काडीने ती उकलून आतले केस दाखवले. मी एकटा असतो तर दोन्हींवरून नजर नुसती फिरली असती.

वर महाकाली दरवाजा. १४८७ साली, बहमनी काळात बांधलेला, आणि दगडातली कमळं अजून तशीच कोरीव. तिथून सगळे नऊगजी तोफेकडे वळत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "पाणी आधी पाहा जी, मंग तोफ."

त्यांचं ऐकलं ते बरं झालं. पठारावर पडलेला पाऊस वाया जाऊ नये म्हणून दगडी नाल्या काढल्या आहेत. कुठे बुजलेल्या, कुठे शाबूत. त्यांचा माग काढत आम्ही कमानींनी झाकलेल्या टाक्यांपाशी पोचलो. वर छताला चौकोनी झरोके. पोटावर पडून एकातून आत पाहिलं. उन्हाचा चौकोन खाली पाण्यावर पडला होता, आणि चेहऱ्याला गार हवा लागत होती. खाली अकोल्याच्या उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट पाहतो. इथे माणसांनी अख्खा डोंगर ओंजळीसारखा धरला होता.

त्याच नालीच्या तोंडाशी कुरकुऱ्यांची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या अडकल्या होत्या. ते पाहून फार वाईट वाटलं. मंडळी दर फेरीत एक तास याच कामाला देतात. आम्ही दोन पोती भरून खाली आणली.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, त्यानंतर ऊन सोसवत नाही आणि वणव्याचे दिवस लागतात. काडेपेटी नेऊच नका. माणशी तीन लिटर पाणी घरून घ्या. टाक्यातलं पिऊ नका, वर दुकान नाही. कपडे मातकट रंगाचे, अंगभर. बूट जुने घातलेले, नवे चावतात. जेवणाचं शहानुरात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर ज्वारीची भाकर आणि झुणका मिळतो. गाइडचे पैसे त्यांच्याच हातात द्या.

आणि दोन रिकामी पोती न्या. किल्ल्यावरच्या शक्कर तलावाचा पलीकडचा काठ आमच्याकडून राहिला आहे.