बाईंनी मोजायला लावलेला श्लोक

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी ड्युटी संपवून लॉबीत चहा घेत होतो. काय लिहू, हा प्रश्न पडलाच नाही. बाईंवर लिहायचं. संस्कृतच्या बाई म्हटलं की आपल्या बॅचला नाव सांगावं लागत नाही.

१९८२ साल, मी आठवीत. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू होता, बाबा घरी बसून होते. लालबागला आमच्या चाळीत घरोघरी तेच. मधल्या सुट्टीत एकानं विचारलं, "तुझे बाबा आता काय करतात रे?" त्यानं सहजच विचारलं असेल. मी कंपासपेटी त्याच्या कपाळावर हाणली. रक्त आलं.

बाईंनी मला मारलं नाही, बाबांनाही बोलावलं नाही. शाळा सुटल्यावर स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसवून गीतेच्या सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक वहीत उतरवून घेतला.

उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत् ।
आत्मैव ह्यात्मनो बन्धुरात्मैव रिपुरात्मनः ॥

"यात आत्मन् किती वेळा आलाय, मोज."

मी सहा मोजले. बाईंनी लाल पेन्सिलीनं सात गोल केले. मला न दिसलेला 'नात्मानम्'मध्ये होता, संधीत दडलेला. मग विभक्ती. आत्मानम्, द्वितीया. आत्मना, तृतीया. "म्हणजे वर काढायचं कोणाला?" स्वतःला. "कोणी काढायचं?" स्वतःच. "आणि उद्धरेत्‌चा कर्ता?" तो श्लोकात कुठेच नव्हता. बाई म्हणाल्या, "अध्याहृत आहे. तिथे तू बस. संप मिटवणं तुझ्या हातात नाही, बाळा. कंपासपेटी होती."

पंधरावा अध्याय आपण सगळ्यांनीच स्पर्धेसाठी घोकला. पण श्लोक सोडवून स्वतःला लावून बघायचा, हे मला त्या बाकावर कळलं. मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण, असं अर्जुन म्हणतो तेव्हा कृष्ण ते नाकारत नाही. अभ्यास आणि वैराग्य सांगतो. "अभ्यास म्हणजे रोज," बाई एवढंच म्हणायच्या.

आज मी मोटरमन आहे. मास्टर कंट्रोलरचं हँडल दाबूनच धरावं लागतं. हात सुटला की ब्रेक लागतात. एकदा माझ्या गाडीसमोर रुळावर माणूस आला. त्यानंतर पुन्हा कॅबमध्ये चढलो त्या दिवशी हात थरथरत होता. सिग्नल मिळेपर्यंत सातही रूपं विभक्तीसकट म्हटली आणि हँडल धरलं. हे बाईंचं देणं आहे.

आपल्या शाळेत आता मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे आणि संस्कृत घेणारी मुलं त्याहून कमी, असं कळलं. गिरण्यांच्या जागी टॉवर आले ते पचवलं, हे पचत नाही.

मेळाव्याला बाई येणार आहेत. त्या दिवसाची ड्युटी मी बदलून घेतली आहे. वहीही सापडली, पान पिवळं पडलंय, लाल गोल तसेच आहेत. ज्याच्या कपाळावर खूण आहे तोही येतोय म्हणे. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.