‘दोन खंड करू नका’

ठाण्यात चरईत माझं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. कॉलेजचे प्रबंध, वकिलांची कागदपत्रं, सोसायट्यांची रजिस्टरं यांवर ते चालतं. जुन्या ग्रंथांची दुरुस्ती मी आवड म्हणून घेते. त्यात वेळ फार जातो आणि हाती थोडंच लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर कोपरखैरण्याहून एक बाई आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा तांदळाच्या पिशवीतून एक मराठी बायबल घेऊन आले. सोबत त्या बाईंचे सासरे होते, नगरकडच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. बायबल त्यांच्या आईचं.

पिशवी टेबलावर रिकामी केली आणि माझ्या पोटात कालवलं. वाळवीने पाठ खाल्ली होती, शिलाई खाल्ली होती, आणि नेमकी पानांची वरची कड खाल्ली होती. बायबलमध्ये पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा असतो तो त्याच कडेला. त्यातून माळा साफ करताना पानं हाताला येतील तशी गोळा केलेली. हजाराच्या वर पानं, सगळी सुटी, क्रम कसलाच नाही.

शिवायच्या आधी पानं लावावी लागतात. एरवी ते काम शाळकरी पोरही करेल, आकडे बघायचे आणि रचायचं. इथे जिथे अध्याय सुरू होतो तिथे अध्यायाचा आकडा होता, पण तो कुठल्या पुस्तकातला हे सांगणारं काही नाही. फर्म्याचा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवायच्या पानांच्या गठ्ठ्याचा, आकडा पानाच्या तळाशी असतो, पण सोळा पानांत एकदाच, आणि इथे तर बरेचसे पुसून गेलेले. मोबाइलवर शब्द टाकून बघितले. हल्लीच्या भाषांतराची भाषा वेगळी, त्यामुळे निम्म्या वेळा काहीच हाती लागेना.

गुरुजींना काचबिंदू आहे. समोर माणूस आहे इतकंच कळतं. ते म्हणाले, “ताई, तुम्ही वाचा. मी जागा सांगतो.”

मी रविवारी चर्चहून आले, दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि आम्ही बसलो. मी वाचायचे, गुरुजी सांगायचे, सूनबाई चिठ्ठी लावायच्या आणि नातू त्या-त्या पुस्तकाच्या ढिगावर पान ठेवायचा. जमिनीवर जुन्या चादरी अंथरून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ६६ जागा आखल्या होत्या. मी स्वतः ख्रिस्ती घरातली. लहानपणापासून बायबल ऐकत आले आहे. पण रविवारी चर्चमध्ये ऐकायचं ते एका वेळी एक तुकडा. असं सगळं सुटं करून, कुठूनही कुठेही उडी मारत, दिवसभर मी ते कधी वाचलं नव्हतं.

सकाळीच एक पान आलं. राष्ट्रं तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, भाल्यांच्या कोयत्या करतील. मी म्हटलं, “हे मला माहीत आहे. यशया.”

“थांबा,” गुरुजी म्हणाले. “पुढे काय आहे? द्राक्षवेल आणि अंजिराचं झाड आहे का?”

होतं. प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसेल, कोणी त्याला घाबरवणार नाही.

“मग मीखा. चौथा अध्याय. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात हेच शब्द आहेत, पण तिथे पुढे याकोबाच्या घराण्याला हाक आहे, चला, परमेश्वराच्या प्रकाशात चालू या, अशी.”

दुपारपर्यंत असे प्रसंग इतके आले की मीच सावध झाले. हिज्कीया राजावर अश्शूरचा सन्हेरीब चालून येतो ती हकिगत ‘दुसरे राजे’ या पुस्तकात आहे, आणि जवळपास शब्दशः यशयाच्या ३६ ते ३९ अध्यायांत आहे. आमच्याकडे तिची पानं दोन्हीकडची, एकमेकांत मिसळलेली. गुरुजींकडे त्यावरही खूण होती. राजा तीनशे किक्कार चांदी आणि तीस किक्कार सोनं खंडणी म्हणून भरतो, ते पान राजेचं. आजारातून उठल्यावर त्याने लिहिलेलं गीत आहे, ते यशयाचं. दाविदाचं एक लांबलचक गीत दुसऱ्या शमुवेलात २२व्या अध्यायात आहे आणि तेच १८वं स्तोत्र आहे. ती पानं मात्र अखेर टायपाच्या आकारावरून आणि स्तंभाच्या मांडणीवरून मीच लावली.

सगळ्यात बारीक काम एका तुकड्याचं होतं. हाताच्या तळव्याएवढा कागद, डावी कड गेलेली, म्हणजे वचनांचे आकडेही गेलेले. मी तो चिमट्याने काचेवर ठेवला, खालून दिवा लावला. नुसती नावं: हेस्रोन, अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, बवाज, ओबेद, इशाय. गुरुजी म्हणाले, ही वंशावळ या क्रमाने तीन ठिकाणी येते; लूकमध्ये ती उलट्या क्रमाने आहे. रूथच्या शेवटी, ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि मत्तयाच्या पहिल्याच पानावर. “बायकांची नावं दिसतात का बघा.” मी भिंग घेतलं. सल्मोनाच्या पुढे कागद विरला होता, पण शाईचा माग होता. ‘राहाब’ एवढं स्पष्ट वाचता आलं. मत्तय. बाकीच्या दोन याद्यांत राहाबेचं नाव नाही. मत्तयाने जुनीच यादी घेतली आणि तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चौघींना तिच्यात जागा दिली. तिथे हात ठेवून मी थोडा वेळ तशीच बसले. माझ्या काचेवर होता तो कागद पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या मजकुराचा, आणि तो लिहिणाऱ्याच्या समोर ती जुनी यादी होती, हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

पानं लावणं अवघड झालं होतं ते याच कारणाने. मी बांधलेल्या दुसऱ्या कुठल्या जाड ग्रंथात एकच मजकूर असा तीन-तीन ठिकाणी सापडत नाही. इथे मागचा लिहिणारा पुढच्याच्या तोंडात आहे. वधस्तंभावर येशू ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणतो ते २२व्या स्तोत्राचं पहिलं वचन. त्याच स्तोत्रात पुढे कपड्यांवर चिठ्ठ्या टाकण्याची ओळ आहे, ती योहानाने नाव न घेता पण ‘शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून’ असं सांगत उचलली आहे. आणि स्तोत्राच्या दुसऱ्या भागातलं, आपल्या बांधवांना तुझं नाव सांगेन, हे वचन इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येतं. एका गीताची तीन पानं तीन ढिगांत ठेवताना गुरुजींनी ते सबंध स्तोत्र म्हटलं. सूनबाईंनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. रडगाण्यापासून सुरू झालेलं ते स्तोत्र स्तुतीवर संपतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

नातू हुशार आहे आणि त्याला जे खटकतं ते तो बोलतो. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं पान आलं तेव्हा त्याने विचारलं, “मत्तयात हा गळफास घेतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांत शेतात पालथा पडून पोट फुटतं. मग एक कसं?” गुरुजी म्हणाले, “दोन्ही पानं आपापल्या जागी ठेव.” त्यांनी ठिगळ लावायचा प्रयत्न केला नाही, हे मला फार बरं वाटलं. लोक ओढूनताणून सगळं एकसारखं करायला जातात आणि त्यात मजकुराचीच चिरफाड होते. दुसऱ्या शतकात ताटियान नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेली येशूची कथा, कापून-जोडून एक सलग पुस्तक केलं होतं, दियातेस्सरोन. सिरियाकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ते पाचव्या शतकापर्यंत वाचलंही जाई. तरी मंडळीने ठेवली ती चार, चौघांच्या आवाजात, त्यांच्यातल्या फरकांसकट.

पौल आणि याकोब या नव्या करारात पत्रं लिहिणाऱ्या दोघांवर मात्र गुरुजी खुलून बोलले. पौल रोमकरांना लिहितो की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब लिहितो की नुसत्या विश्वासाने नव्हे, कृतींनी. नातवाच्या मते इथे सरळ भांडण आहे. गुरुजींनी त्याला उत्पत्तीचा ढीग जवळ घ्यायला सांगितलं. दोघंही साक्षीला एकच वचन काढतात, उत्पत्ती १५:६, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आला. पौलाचं बोट त्या क्षणावर आहे, सुंता व्हायच्या आधीच्या. सुंता १७व्या अध्यायात येते. याकोब २२व्या अध्यायापर्यंत जातो, जिथे अब्राहाम इसहाकाला वेदीवर ठेवतो. एकाच माणसाच्या आयुष्यातली आधीची आणि नंतरची गोष्ट, आणि तीही त्यांच्या हातात एकाच पुस्तकातून आलेली. मला वाटतं नातवाचं पूर्ण समाधान झालं नाही. पण त्याने ती तिन्ही पानं शेजारी ठेवून दोनदा वाचली.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी कामाचं बोलले. प्रत्येक पानाची आतली घडी गेली होती. जोड्या-जोड्यांना जपानी टिश्यूची पट्टी चिकटवून पुन्हा फर्मे करायचे म्हणजे पाठीला जाडी येणार. कागद ठिसूळ. मी सुचवलं की जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचे ग्रंथ, एक खंड, आणि नवा करार, म्हणजे येशूपासून पुढचे, दुसरा असं बांधू. दोन्ही हलके होतील, जास्त टिकतील. सूनबाईंना पटलं.

“दोन खंड करू नका,” गुरुजी म्हणाले. “मलाखीचं शेवटचं पान वाचा.”

मी वाचलं. जुना करार तिथेच संपतो. एलीया संदेष्टा येईल आणि वडिलांची मनं मुलांकडे वळवील.

“आता लूकचं पहिलं पान काढा. देवदूत जखऱ्याला काय सांगतो?”

तेच. जखऱ्याला होणाऱ्या मुलाबद्दल, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल, एलीयाच्या आत्म्याने येईल आणि वडिलांची मनं मुलांकडे वळवील. मलाखीने बोलायचं थांबवलेलं वाक्य लूकमध्ये पुढे चालू झालेलं. गुरुजी एवढंच म्हणाले, “यांच्यामध्ये पुठ्ठा घालू नका.”

चर्चच्या इतिहासात हा पुठ्ठा घालायचा प्रयत्न झालेला आहे. साधारण इ. स. १४४ मध्ये रोममध्ये मार्कियोन नावाच्या माणसाने सगळा जुना करार टाकून दिला. एक छाटलेलं लूक आणि पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं. मंडळीने त्याला बाहेर काढलं. आपल्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात राचोलला ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा त्याने सुमारे ११,००० ओव्यांचे दोन भाग केले, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. पण जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंत कथा एकच आणि ग्रंथ एकच. मराठीत बायबलची गोष्ट आली ती अशी अखंड आली. यहुदी लोक तेच हिब्रू ग्रंथ २४ मोजतात, ‘इतिहास’ या पुस्तकाने संपवतात आणि ते त्यांना पूर्ण वाटतं; त्यांच्या वाचनाचा मला आदर आहे. आमचं वाचन मलाखीवर थांबत नाही.

आणि मी बांधणारी असले तरी हेही खरं की या ग्रंथाला एकत्र धरायला माझ्या धंद्याची गरज कधी नव्हती. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हातात दिली ती एकट्या यशयाची गुंडाळी. मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ साली सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली, सात मीटरहून लांब. प्रत्येक ग्रंथ वेगळा, वेगळ्या काळातला, हिब्रू, थोडी अरामी, मग ग्रीक. पाठ नाही, पुठ्ठा नाही. तरी एकातला माणूस दुसऱ्यातलं वचन तोंडपाठ म्हणत होता, आणि त्या रविवारी माझ्या दुकानात दृष्टी गेलेले एक गुरुजी ते तसंच म्हणत होते.

मी एकाच खंडात बांधायचं कबूल केलं. पातळातली पातळ टिश्यू घेतली, खळ विरळ केली, पाठ गोल काढली, आणि तीन पट्ट्यांवर शिलाई मारली. त्याला बरेच आठवडे लागले.

सगळं लावून झाल्यावर काही पानं कमी भरली. बाहेरची पानं नेहमीच आधी जातात, तसं पहिलं आणि शेवटचं पान नव्हतं. आमच्या चर्चमधल्या एका कुटुंबाकडे त्याच आवृत्तीचं बायबल निघालं. त्यावरून ती दोन पानं आम्लमुक्त कागदावर छापून घेतली. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी वाळत होती. एकावर एदेन बाग, तिच्यातून निघणारी नदी, मध्ये जीवनाचं झाड. दुसऱ्यावर नगरीच्या रस्त्यातून वाहणारी नदी आणि दोन्ही काठांवर तेच झाड, त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. पुढे ती माझ्या हाताने पुस्तकाच्या दोन टोकांना गेली.

आता त्यांच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला नातू वाचतो. त्याने सुरुवात रूथपासून केली. परवा त्याचा फोन आला. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि रूथ तर मवाबी, मग ती दाविदाची पणजी कशी, आणि मत्तय तिचं नाव मुद्दाम का घालतो? मी म्हटलं, आजोबांना विचार. तो म्हणाला, त्यांनाच विचारलं. ते म्हणतात, तिन्ही ठिकाणी बोटं घालून बस आणि वाच. मी त्याला सांगितलं, बस, पण पाठ अजून नवी आहे, पुस्तक एकदम सपाट उघडू नकोस.