बोनेअरची वही: परत कधी फिरायचं

बाकी २१ आठवडे

स्कूबा डाइव्हिंगसाठी तिकिटं काढली. स्किपोलहून सरळ बोनेअर, दहा तासांच्या आसपास. मी आइंडहोवनला असतो, ताई (माझी मावसबहीण) उट्रेख्तला. तिच्या लॉगबुकात ४६ डाइव्ह, माझ्यात ३८. दोघांकडे ॲडव्हान्स्डचं आणि नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचं) कार्ड आहे, पण आजवरच्या एकूण एक डाइव्हला कोणी ना कोणी पुढे होतंच. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, तेव्हा तर प्रशिक्षकाने टाकी मागून धरून मला भाजीच्या पिशवीसारखं फिरवलं होतं. इकडे नेदरलँड्सच्या झीलंड किनाऱ्याला डाइव्ह क्लबमधला एखादा जुनाजाणता असतो. तो वळला की आपण वळायचं, टाकीत हवा किती उरली याचा काटा बघायचा तो तो सांगेल तेव्हा. बोनेअरला असं कोणी नसणार. ही वही त्यासाठी.

बोनेअरच का, असं क्लबात तिघांनी विचारलं. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, अरुबा आणि कुरासाओच्या शेजारी हे बेट. वारा जवळपास वर्षभर पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिमेचा किनारा आडोशाला. रीफ (प्रवाळाची रांग) किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकी जवळ. रस्त्याकडेला पिवळे दगड रंगवून त्यांवर डाइव्ह साइटची नावं घातली आहेत. पिकअप थांबवायची, टाकी चढवायची, चालत पाण्यात शिरायचं. बोटीची वेळ नाही, बोटीवर वाट बघणारे बारा अनोळखी लोक नाहीत. स्वतःच्या जिवावर पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्याला याहून सोपी जागा मला तरी सापडली नाही.

कागदपत्रांचं पटकन. बेट २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, तरी ते शेंगेनमध्ये नाही आणि तिथे चलन अमेरिकी डॉलर. ताईकडे डच पासपोर्ट, माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि इथलं रहिवासी कार्ड. पुण्या-मुंबईहून यायचा विचार असेल त्यांनी शेंगेन व्हिसावर विसंबू नका, आधी दूतावासाला विचारा. बेटावर उतरण्याचा कर ७५ डॉलर, शिवाय सागरी उद्यानाची फी ४०.

बाकी १९ आठवडे

तारखा ठरल्या त्या कालनिर्णय बघून. हसू नका.

बोनेअरच्या उथळ पाण्यात ओस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव राहतात. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवस, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, त्यांचे नर निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडत वर चढतात. टॉर्च विझवून बसलं की चारही बाजूंनी मोत्यांचे सर सुटल्यासारखं दिसतं म्हणे. दोन ते पाचच दिवस का, हे मला कळत नव्हतं. ताईला एका मिनिटात कळलं, कारण ती संकष्टी करते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो. म्हणजे सूर्य बुडाल्यावर आणि चंद्र येण्याआधी मध्ये एक काळाकुट्ट तुकडा मिळतो, आणि या जिवांना तोच हवा असतो. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवायला लागत नाही.

तर कोजागरीच्या दोन दिवस आधी पोचायचं. कालनिर्णयातल्या वेळा भारतातल्या. बोनेअर साडेनऊ तास मागे, तेवढं वजा केलं. आठवडाभर पुढे राहिलो तर पोवळी अंडी सोडतात तेही दिसू शकतं. ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेनंतर सहा-आठ दिवसांनी होतं. पण त्यावर मी आशा ठेवलेली नाही.

ऑक्टोबरचा तोटा उघड आहे. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतं, पण दूरवरून जाणारं वादळही वारा उलटवतं आणि मग आडोशाची बाजूच मार खाते. १९९९ चं लेनी आणि २००८ चं ओमार, दोन्हींनी पश्चिम किनाऱ्याचं उथळ प्रवाळ झोडपलं. तसं झालं तर? ताईचं उत्तर: "तर रिंकोन गावात जाऊन बकरीचं मटण खायचं." ठीक आहे.

बाकी १६ आठवडे

आज गणित. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खालचा परिच्छेद सोडा, पण सोडू नका असं सांगेन.

तिकडे टाकी ॲल्युमिनियमची, ११.१ लिटर, २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप). म्हणजे २,२२० लिटर हवा. तीन डाइव्हच्या नोंदींवरून काढलं: पृष्ठभागाच्या हिशेबाने मी मिनिटाला २० लिटर ओढतो, ताई १४. (ती वीस वर्षं प्राणायाम करते. मी वीस वर्षं कॉफी पितो.) १८ मीटरवर दाब २.८ बार, तेव्हा माझा खर्च ५६ लिटर, काट्यावर मिनिटाला ५ बार.

आता उलटीकडून. १८ मीटरवर नेमक्या वाईट क्षणी एकाची हवा गेली. दोघं एका टाकीवर, दोघंही घाबरलेले. प्रत्येकी ३० धरू, मिळून ६०. सावरायला एक मिनिट: १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटरने वर, दोन मिनिटं, सरासरी दाब १.९: २२८. पाच मीटरवर सुरक्षेचा तीन मिनिटांचा थांबा: २७०. बेरीज ६६६, भागिले ११.१, बरोबर ६० बार.

क्लबमध्ये "५० वर बाहेर" असं पाठ केलेलं होतं. कुठून आलं ५०, कधी विचारलं नाही. आता कळतंय की माझा काटा ६० वर आला की उरलेली हवा माझी नाही, ताईची आहे.

मग वापरायला राहिले १४०. बाहेर पडायचं ते जिथून शिरलो तिथूनच, कारण तिथेच कपारीतून नीट वाट आहे आणि तिथेच गाडी उभी. १४० चे दोन भाग: १३० वर फिरायचं. ज्याचा काटा आधी १३० ला येईल त्याने खूण करायची, दुसऱ्याने वाद घालायचा नाही. जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. येताना वर सरकून आठ-दहा मीटरवरून यायचं, म्हणजे तीच हवा जास्त पुरते.

हे ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, म्हणजे प्रत्येक डाइव्ह तुझ्या फुप्फुसांवर ठरणार." हो. चौदाव्या मिनिटाला माझा काटा १३० वर.

बाकी १३ आठवडे

हिल्मा हूकर. ७२ मीटरचं मालवाहू जहाज. १९८४ मध्ये बिघाड होऊन बोनेअरला आलं, तपासणीत खोट्या भिंतीमागे हजारो किलो गांजा सापडला, मालक काही पुढे आले नाहीत, आणि पाणी झिरपत झिरपत त्याच वर्षीच्या १२ सप्टेंबरला ते बुडालं. आता उजव्या कुशीवर, ३० मीटरवर वाळूत पडलंय.

माझ्या यादीत पहिलं नाव हेच होतं. मग वरचं गणित ३० मीटरला लावलं. सावरायला २४०, वर यायला ५००, थांबा २७०: १,०१० लिटर, म्हणजे ९१ बार राखीव. उरले १०९, आणि तिथे माझा खर्च मिनिटाला सव्वासात. सगळं धरून पंधरा मिनिटं, त्यात खाली उतरणंही आलं. ३० मीटरचा बेत रद्द. जहाजाची वरची कूस १८ मीटरच्या आसपास येते, तिच्यावरूनच चालत जाऊ आणि खाली डोकावू. आत शिरणार नाही. नायट्रॉक्समुळे वेळ वाढतो तो शरीरातल्या नायट्रोजनच्या हिशेबात, हवेच्या नाही, हे मी स्वतःला दोनदा समजावलं.

बाकी ११ आठवडे

फजिती नोंदवतो.

एसएमबीचा सराव (ती पाण्याखालून वर सोडायची नारिंगी सॉसेज; बोनेअरला वरून बोटी जातात, म्हणून हवीच). झीलंडच्या ग्रेव्हलिंगन सरोवरात, पाच मीटरवर. तोंडातला रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) वाकडा करून फुग्यात हवा भरली, फुगा सुटला, त्याच्या दोरीचं रीळ अडकलं, आणि मी ते सोडायच्या ऐवजी घट्ट धरून ठेवलं. दोन सेकंदांत मी फुग्याशेजारी, डोकं पाण्याबाहेर. पाच मीटरवरूनही असं वर फेकलं जाणं फुप्फुसांना चांगलं नाही. सुदैवाने श्वास सोडत होतो. धक्क्यावर बसलेल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सहा वेळा केलं. नियम एकच: रीळ अडकलं की हात उघडायचा. तीस युरोचं रीळ गेलं तर जाऊ दे.

बाकी ८ आठवडे

वजनं. इथे ७ मिमीचा दुपदरी सूट आणि स्टीलची टाकी, कमरेला ९ किलो. तिथे पाणी २८ अंशांच्या आसपास, सूट ३ मिमी. म्हणजे वजन निम्म्याहून कमी, असं वाटलं. पण ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तरंगायला लागते. आतल्या हवेचंच वजन पावणेतीन किलो भरतं. डाइव्हच्या सुरुवातीला झकास वाटणारं वजन शेवटच्या थांब्याला कमी पडतं. त्यामुळे तोलून बघायचं ते काटा ५० ला आल्यावर. पहिली डाइव्ह तशीही ओळखीची असते: सागरी उद्यानाचा नियम आहे, आधी माहिती ऐकायची, मग सोप्या जागी तोल तपासायचा, तोवर बाकी कुठे जायचं नाही. मला हा नियम फार आवडला.

हातमोजे आणि चाकू, दोन्हींना बंदी. हातमोजे घातलेला माणूस प्रवाळाला हात लावतो, इतकं साधं कारण. झीलंडच्या गारठ्यात ही सवय हाडीमाशी भिनली आहे, म्हणून गेले तीन रविवार हात छातीवर बांधून पोहतोय. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीनही चालत नाही. बाह्या लांब घ्या.

२०२३ मध्ये बेटावर प्रवाळांचा रोग पोचला, ज्यात दगडी पोवळ्यांचं मांस आठवड्यांत गळून पांढरा सांगाडा उरतो. ब्रेन कोरल आधी जातात. म्हणून सामान जंतुनाशकात बुडवून धुवायचं आणि रोगट जागा दिवसाच्या शेवटी करायची. १९६२ मध्ये कॅप्टन डॉन स्टुअर्ट या बेटावर उतरले तेव्हा इथे डाइव्हिंग असं काही नव्हतं. पुढे नांगर टाकण्याऐवजी कायमचे बोये लावण्याचा हट्ट त्यांनी धरला. भाल्याने मासेमारी १९७१ लाच बंद, उद्यान १९७९ चं. इतकं सांभाळूनही रोग पाण्यातून आलाच. हे वाचून जरा बसून राहिलो.

आणखी एक वायर लागेल: टाकीला रेग्युलेटर जोडायची पद्धत इथे डिन, तिकडे योक. (वायर नाही, अडॅप्टर. रात्रीचे साडेअकरा झालेत.)

बाकी ६ आठवडे

जागांवरून भांडण. ताईला सॉल्ट पियर हवा: मिठाच्या जहाजांचा धक्का, खांबांवर स्पंज, मधून बराकुडा. जहाज लागलेलं असेल तर बंद. शेजारी मिठागरं, गुलाबी पाण्याची, आणि रस्त्याकडेला १८५० च्या सुमाराची दगडी खोपटी, ज्यांत मीठ उपसणाऱ्या गुलामांना झोपवत. आत ताठ उभंही राहता येत नाही. १८६३ पर्यंत हे चाललं. तिथे डाइव्हच्या मधल्या विश्रांतीत डबा खायचा नाही, असं ताईने आधीच सांगून ठेवलंय.

मला उत्तरेचं थाउजंड स्टेप्स हवं. पायऱ्या शंभरही नाहीत. टाकी पाठीवर घेऊन वर येताना हजार होतात म्हणून नाव. पुढे कारपाटापर्यंत किनाऱ्याचा रस्ता एकेरी आहे: पिवळा दगड चुकला तर मागे फिरता येत नाही, रिंकोनवरून वळसा. तेव्हा नकाशा ताईकडे, स्टिअरिंग माझ्याकडे. गाडीला कुलूप लावायचं नाही, काचा उघड्या, आत काहीच ठेवायचं नाही. भुरट्या चोरांनी काच फोडण्यापेक्षा तेच बरं. चष्मा, पैसे, फोन घरी.

शेवटची डाइव्ह उड्डाणाच्या २४ तास आधी. विमा डॅन या डाइव्हरांच्या संस्थेचा काढला. बेटावर रीकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतरच्या त्रासावर उपचाराची दाबाची खोली) आहे, त्याचा फोन नंबर दोघांच्या स्लेटच्या मागे लिहिला.

बाकी ५ आठवडे

रंगीत तालीम, झीलंडच्या देन ऑसला. पुढे कोणी नाही, फक्त आम्ही दोघं. १३० चा नियम, माझं होकायंत्र, तिची वेळ. पाणी हिरवं, तीन मीटर दिसत होतं. पंधराव्या मिनिटाला रीफबॉलच्या (समुद्री जिवांसाठी ठेवलेल्या काँक्रीटच्या पोकळ गोळ्याच्या) भोकात दोन लांब मिशा हलताना दिसल्या: शेवंड, आणि मोठा. मी सरकलो, काटा बघितला. १३१. मिशा आणखी बाहेर आल्या. १३०.

ताईला खूण केली. तिने लगेच अंगठा मागे वळवला, मान हलवली, वळली.

बाहेर येऊन सूट सोलताना म्हटलं, "शेवंड बघितलास का?"

"दोन होते," ताई म्हणाली. "दुसरा तुझ्या मागे होता."