तुम्ही विचारलंत म्हणून: वर चढताना प्रकाश काय गमावतो?

वर फेकलेला दगड मंदावत जातो, मग वर निघालेला प्रकाश का नाही मंदावत? विज्ञानावर कुठे बोलायला गेलो की हा प्रश्न येतोच, बहुधा मागच्या रांगेतून. तर प्रकाशही किंमत मोजतो, पण वेगात नाही, वारंवारतेत, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येत. वर जाताना ती घटते, खाली येताना वाढते.

पृथ्वीवर हे पहिल्यांदा नीट मोजलं ते 1960 च्या सुमारास, हार्वर्ड विद्यापीठातल्या एका मनोऱ्यात. रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का या भौतिकशास्त्रज्ञांना उंची मिळाली होती अवघी 22.5 मीटर. एवढ्या अंतरात फरक पडतो तो एकावर पंधरा शून्यं इतक्या कंपनांमागे अडीच कंपनांचा! त्यांनी वापरले लोह-57 (लोखंडाचा एक प्रकार) च्या अणुकेंद्रातून निघणारे गॅमा किरण, प्रकाशाच्याच जातीचे. समोरचं तसंच अणुकेंद्र हे किरण शोषतं, पण वारंवारता तंतोतंत जुळली तरच. स्रोत सरकवला की किरणांची वारंवारता किंचित बदलते. मग गुरुत्वाकर्षणाने बिघडलेला मेळ पुन्हा जमवायला तो किती वेगाने सरकवावा लागेल? तासाला साधारण पावणेतीन मिलिमीटर. शिवाय वरच्या आणि खालच्या लोखंडाच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला, तरी जवळजवळ तेवढीच गडबड होते. अशा कटकटीतून आलेलं उत्तर आइन्स्टाइनच्या भाकिताशी दहा टक्क्यांच्या आत जुळलं. मला तरी हा प्रयोग आइन्स्टाइनचं म्हणणं तपासणाऱ्या 1919 च्या ग्रहणाच्या गाजलेल्या छायाचित्रांपेक्षा (त्यांच्याकडे शेवटी येतो) जास्त भावतो.

पण वाटेत लाटा हरवतात कुठे? कुठेच नाही. खालून जितक्या निघाल्या तितक्याच वर पोचतात, फक्त वरचं घड्याळ जलद चालतं, म्हणून त्याच्या एका सेकंदात कमी मावतात. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं या कारणाने रोज 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, उपग्रहांच्या वेगामुळे 7 मागे पडतात. उरलेले 38 दुरुस्त केले नाहीत, तर दिवसभरात अंतराच्या हिशेबात अकराएक किलोमीटरची चूक साठेल.

प्रकाशाचा मार्ग वाकतो तोही काही अंशी यामुळेच. सूर्याजवळ काळ मंद चालतो, एवढंच धरलं तर सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण 0.87 विकला वळायला हवा. (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग.) आइन्स्टाइनने 1911 मध्ये साधारण एवढाच आकडा काढला होता. 1915 मध्ये तो दुप्पट झाला, 1.75, कारण सूर्याभोवती नुसता काळच नाही, जागाही वक्र होते. 1919 च्या खग्रास ग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्राल इथून 1.98 आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून 1.61 असे आकडे आले. ओबडधोबडच, पण 0.87 पासून दोन्ही लांब.